पियानोवादिका क्लारा हास्किल

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई यांची चरित्रे आपण एकमेकींना सांगितली आणि वाचली. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी ज्या बाईंवर लिहावयाचे ठरविले त्यांचे नाव सांगताच समितीतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. क्लारा हास्किल हे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. खरे सांगावयाचे तर मलाही ते ठाऊक झाले एका जुन्या तबकडीमुळे.

आमचे धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. त्यांनी केव्हातरी आणलेल्या लाँग प्ले तबकड्यांचा गठ्ठा आमच्या माळ्यावर पडून होता. दिवाळीच्या आधी माळा झाडताना तो हाती लागला, आणि नातवाने हौसेने ग्रामोफोन दुरुस्त करून आणला. त्या गठ्ठ्यात फिलिप्स कंपनीची एक तबकडी होती. ज्या कंपनीचे रेडिओ आणि दिवे आपल्याकडे घरोघर होते, तीच ही कंपनी. मोझार्ट या संगीतकाराचे पियानो आणि व्हायोलिन यांच्यासाठी रचलेले सोनाटे त्या तबकडीवर होते. व्हायोलिन आर्तुर ग्रुमियो यांचे, पियानो क्लारा हास्किल यांचा.

माझे गाण्यातले ज्ञान म्हणजे पेटीवर चार राग, आणि रात्ररात्र जागून ऐकलेल्या बैठकी. त्या सवयीने मी पहिल्यांदा हेच शोधू लागले की यात मुख्य कोण आणि साथीला कोण. तबकडी संपली तरी ते मला ठरविता आले नाही. दुसऱ्यांदा लावली, तरी नाही. मग मात्र या दोघांविषयी, विशेषतः त्या बाईंविषयी, जे जे वाचावयास मिळाले ते मी वाचून काढले. त्यातले येथे सांगते.

प्रथम सोनाटा म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या ख्यालात विलंबित आणि द्रुत असतात, तसे सोनाटात दोन, तीन किंवा चार भाग असतात, आणि ते सर्व संगीतकाराने आधीच कागदावर लिहून ठेवलेले असतात. वादकाने त्यात जीव घालावयाचा. पदरचे सूर सहसा घालावयाचे नाहीत. पियानो दिसावयास पेटीची थोरली बहीण वाटते, पण तिचा स्वभाव निराळा आहे. पेटीत हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी तारेवर पडते, आणि सूर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. तो वाढविता येत नाही, त्याला मींड नाही. व्हायोलिनचे नेमके उलट. गज चालतो तोवर सूर चालतो, तो फुगविता येतो, घसटता येतो. म्हणजे ही दोन वाद्ये मुळात एकमेकांच्या जातीची नव्हेत. त्यांनी एकत्र नांदावयाचे तर पियानोवाल्याला विरणाऱ्या सुरातून गाणे काढावे लागते, आणि व्हायोलिनवाल्याला आपले गाणे आवरून धरावे लागते. मोझार्टच्या काळी तर असे सोनाटे छापताना ते पियानोसाठी असून व्हायोलिन केवळ साथीला आहे, असेच वर लिहीत. मोझार्टने हळूहळू व्हायोलिनला बरोबरीच्या पाटावर आणून बसविले.

आता चरित्राकडे वळते.

क्लारा हास्किल यांचा जन्म ७ जानेवारी १८९५ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तिघी बहिणी, लिली थोरली, क्लारा मधली, जान धाकटी. आईला एक बहीण होती, तिचेही नाव क्लाराच. ती पियानो फार सुरेख वाजवीत असे. पण ऐन विशीत क्षयाने गेली. तिच्या आठवणीसाठी मधल्या मुलीचे नाव क्लारा ठेवले. घरात गेलेल्या माणसाचे नाव मुलीला ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे, आणि त्या नावाबरोबर कसले ओझे येते हेही आपणांपैकी काहीजणी जाणतात.

क्लारा चारएक वर्षांची असताना वडील वारले. आई स्वतः पियानो वाजवीत असे, तिनेच मुलीला पहिले धडे दिले. असे सांगतात की एकदा कोणी शिक्षकाने मोझार्टच्या सोनाटातला एक भाग वाजवून दाखविला, तर त्या पाचसहा वर्षांच्या पोरीने तो ऐकून तसाच्या तसा वाजविला, आणि मग पट्टी बदलून पुन्हा वाजविला. अशा गोष्टी मोठ्या कलावंतांच्या मागून पुष्कळ जन्माला येतात. पण क्लाराच्या बाबतीत पुढचे सगळे पाहिले म्हणजे ही गोष्ट खोटी वाटत नाही.

आईचा भाऊ अव्राम मोस्कोना याने भाचीची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली आणि सात वर्षांच्या क्लाराला व्हिएन्नास नेले. तेथे रिचर्ड रॉबर्ट या नामांकित गुरूंकडे तिचे शिक्षण झाले. पुढे १९०५ साली मामा तिला घेऊन पॅरिसला गेला. मुलीच्या भाग्याची गोष्ट म्हणून हे वाचावयाचे. पण सातव्या वर्षी आईपासून दूर, परक्या भाषेत, करड्या शिस्तीच्या मामाजवळ राहणारी ती मुलगी रात्री काय करीत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढच्या सबंध आयुष्यात ही बाई स्वतःवर कधी विश्वास ठेवू शकली नाही. त्याचे मूळ कोठे असेल ते कोणी सांगावे?

पॅरिसच्या संगीतविद्यालयाचे प्रमुख तेव्हा गाब्रिएल फोरे होते. क्लाराला आल्फ्रेड कोर्तो या थोर वादकाच्या वर्गात जागा मिळाली. परंतु कोर्तोने या मुलीकडे फारसे लक्ष दिले नाही. प्रत्यक्ष शिकविले ते बहुतांशी लाझार लेव्ही यांनी. तरी १९१० साली, पंधराव्या वर्षी, तिने पियानोचे पहिले पारितोषिक मिळविले. याच काळात ती व्हायोलिनही शिकत होती आणि त्यातही तिने पारितोषिक मिळविले होते. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कीर्ती अगदी दारात आली होती. बुसोनीसारख्या श्रेष्ठ वादकाने तिचे वादन ऐकून तिला बर्लिनला आपल्याकडे शिकावयास बोलाविले. पण घरच्यांनी नको म्हटले. आणि मग पाठीने दगा दिला. पाठीचा कणा एका बाजूस वळत चालला होता. १९१४ साली तिला फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बेर्क या गावी आरोग्यधामात ठेवले आणि धडाभोवती प्लास्टरचा साचा घातला. तो साचा चार वर्षे होता. एकोणिसाव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत! बाहेर पहिले महायुद्ध पेटलेले, आत समुद्राच्या गाजेशिवाय काही नाही, आणि पियानोशी गाठ नाही. त्याच काळात पॅरिसमध्ये आई कर्करोगाने गेली. साच्यात अडकलेल्या मुलीला आईचा शेवटचा सहवासही मिळाला नाही.

१९१८ नंतर जी क्लारा बाहेर आली तिचे खांदे वाकलेले होते, केस अकालीच पिकू लागले होते, आणि व्हायोलिन मागे पडले होते. आता इथून पुढे त्यांना क्लाराबाई म्हणू. त्यांच्या देशात असे म्हणत नसत, ठाऊक आहे. पण आपल्या तोंडात ते बसते.

यानंतरची तीस वर्षे म्हणजे एक लांबलेली वाट पाहणे आहे. वाजवीत नव्हत्या असे नाही. स्वित्झर्लंडच्या श्रोत्यांनी त्यांना प्रथमपासून जवळ केले. इझाई, एनेस्कू, कासाल्स यांसारख्या दिग्गजांबरोबर त्या वाजवीत. १९२४ साली अमेरिकेचा दौरा झाला, १९२६ साली इंग्लंडात मँचेस्टरला वाजविले. पण ज्या पॅरिसमध्ये त्या राहत होत्या त्या पॅरिसने त्यांना फारसे विचारले नाही. मैफली थोड्या, पैसा त्याहून थोडा. मामाबरोबर त्या राहत असत; १९३४ साली मामाही वारला. चाळिशी उलटली तरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली होती.

याला दुसरेही एक कारण होते, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. क्लाराबाईंना मंचाची विलक्षण भीती वाटत असे. वाजविताना पुढचे आठवणार नाही, या धास्तीने त्या पडद्यामागे अर्धमेल्या होत. ज्यांची स्मरणशक्ती लहानपणी दंतकथा झाली होती त्यांना विसरण्याचे भय! खाजगी बैठकीत, दहावीस ओळखीच्या माणसांत, त्या मन मोकळे करून वाजवीत, आणि ऐकणारे थक्क होत. पण मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना दहावीस माणसांचे काय होय? आपल्यातही अशा गाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हळदीकुंकवाला गातात तेव्हा ऐकत राहावेसे वाटते, आणि मंडळाच्या मंचावर नाव पुकारले की घसा बसतो.

अशाच एका खाजगी बैठकीत, पोलिन्याक या धनवान सरदारपत्नींच्या पॅरिसमधील दिवाणखान्यात, त्यांची दिनू लिपाती या तरुण रुमानियन वादकाशी मैत्री वाढली. लिपाती त्यांच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान. दोघेही बुखारेस्टचे, दोघांनाही मोझार्टचे वेड. धाकट्या भावासारखा तो त्यांना धीर देई. तोही पुढे दुखण्याने खंगत गेला आणि १९५० च्या डिसेंबरात, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, निवर्तला.

मध्यंतरी दुसरे महायुद्ध आले. १९४० साली जर्मनांनी पॅरिस घेतले. क्लाराबाई ज्यू, म्हणजे आता केवळ मैफलींचा नव्हे, जिवाचाच प्रश्न उभा राहिला. धाकटी बहीण जान ही राष्ट्रीय ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवी, आणि तो ऑर्केस्ट्रा दक्षिणेत मार्सेय बंदरात जाऊन राहिला होता. १९४१ साली काही वादकांच्या सोबतीने क्लाराबाई निघाल्या आणि रात्रीच्या काळोखात पायी चालत सीमारेषा ओलांडून मार्सेयला पोहोचल्या. वय सेहेचाळीस, पाठ वाकलेली. त्या रात्रीचे वर्णन मी जिथे वाचले तिथे पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

मार्सेयला डोकेदुखी सुरू झाली आणि दृष्टी अंधुक होऊ लागली. डोळ्याच्या मज्जातंतूवर गाठ दाबत होती. शस्त्रक्रिया केली नाही तर आंधळेपण ठरलेले. १९४२ साली डॉ. मार्सेल दाविद हे निष्णात शल्यवैद्य पॅरिसहून बोलावून आणले गेले. यासाठी कौंटेस लिली पास्त्रे या बाईंनी फार खटपट केली. या कौंटेसबाईंनी मार्सेयजवळच्या आपल्या वाड्यात त्या दिवसांत कितीतरी निर्वासित कलावंतांना आसरा दिला होता. खरे तर त्यांच्यावरच एक स्वतंत्र लेख व्हावा. असो. शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करून झाली, रोगी शुद्धीवर. असे सांगतात की त्या सर्व वेळात क्लाराबाई मोझार्टची एक लांबलचक रचना मनातल्या मनात आरंभापासून वाजवीत होत्या आणि पांघरुणावर त्यांची बोटे हलत होती. मेंदू शाबूत आहे ना, स्मरण जागेवर आहे ना, हे पाहण्याचा त्यांचा तो उपाय होता. आम्ही बायका दुखण्यात रामरक्षा म्हणतो, त्यातलाच प्रकार म्हणावयाचा.

काही महिन्यांतच कौंटेसबाईंच्या वाड्यावर त्यांनी मोझार्टचा डी मायनर कॉन्चेर्टो वाजविला. आणि नोव्हेंबर १९४२ च्या आरंभी त्यांना स्वित्झर्लंडमध्ये प्रवेश मिळाला. अकरा नोव्हेंबरला जर्मन फौजा फ्रान्सच्या दक्षिण भागात घुसल्या. थोड्या दिवसांचे अंतर! तेवढ्यावर ही सर्व पुढची तबकडीकथा उभी आहे.

जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हेवे नावाचे टुमदार गाव आहे, तेथे त्या राहिल्या. १९४९ साली त्यांना स्विस नागरिकत्व मिळाले. आणि आश्चर्य असे, की पन्नाशी ओलांडल्यावर, केस पांढरे झाल्यावर, जगाने त्यांना ऐकावयास सुरुवात केली. प्रथम हॉलंडच्या श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले, मग इतरांनी. १९५६ साली मोझार्टची द्विशताब्दी होती. त्या वर्षी कारायानसारख्या संचालकाबरोबर त्या युरोपभर वाजवीत हिंडल्या, आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत बॉस्टन येथे त्यांचे फार मोठे स्वागत झाले. व्हेवेजवळच चार्ली चॅप्लिन १९५३ पासून राहावयास आले होते. त्यांचे बोलपट आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. ते क्लाराबाईंचे जिवलग शेजारी झाले, आणि आपल्या आयुष्यात भेटलेल्या खऱ्या प्रतिभावंतांची नावे सांगताना आइन्स्टाइन आणि चर्चिल यांच्या जोडीला या वाकलेल्या म्हाताऱ्या बाईंचे नाव घेत.

आता आर्तुर ग्रुमियो. हे बेल्जियमचे, जन्म १९२१ चा, म्हणजे क्लाराबाईंहून सव्वीस वर्षांनी लहान. युद्धाच्या काळात जर्मनांनी त्यांना ड्रेस्डेनच्या ऑर्केस्ट्रात प्रमुख व्हायोलिनवादकाची मानाची जागा देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली. वादन अत्यंत नितळ. दिखाऊपणा औषधालाही नाही. १९५० च्या पुढे या दोघांची जोडी जमली. आणि मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट येथे येते. क्लाराबाई मुलीपणी व्हायोलिन वाजवीत असत, आणि ग्रुमियो लहानपणी व्हायोलिनबरोबर पियानो शिकले होते. घरी बसले म्हणजे ही दोघे कधी कधी वाद्यांची अदलाबदल करीत. त्यांनी पियानो घ्यावयाचा, यांनी व्हायोलिन. ग्रुमियोंचा पियानोवरचा हात इतका चांगला होता की पुढे त्यांनी एका ध्वनिमुद्रिकेत दोन्ही वाद्ये स्वतःच वाजविली. एक आधी मुद्रित करून त्यावर दुसरे.

मला साथीचा जो प्रश्न पडला होता त्याचे उत्तर मला येथे मिळाले. आपला तबलजी गायकाच्या घशातली जागा ओळखतो, कारण तो वर्षानुवर्षे ऐकत आलेला असतो. पण या दोघांना समोरच्याचे वाद्य हातानेच ठाऊक होते. गज कोठे उलटेल, श्वास कोठे घ्यावा लागेल, हे क्लाराबाईंच्या बोटांना कळत असे. पियानोचा सूर केव्हा विरू लागतो हे ग्रुमियोंना कळत असे, आणि नेमक्या त्या ठिकाणी ते आपला सूर बारीक करीत. म्हणून एक वाजवितो आणि दुसरा मागून येतो असे त्यांच्यात होत नाही.

१९५६ ते १९५८ या काळात फिलिप्ससाठी दोघांनी बेथोव्हेनचे दहाही सोनाटे आणि मोझार्टचे सहा सोनाटे मुद्रित केले. ग्रुमियो पस्तिशीतले, क्लाराबाई साठी ओलांडलेल्या. आमच्या तबकडीवर त्या सहांतले काही आहेत. त्यातला एक मी पुनःपुन्हा ऐकते. तो ई मायनर सुरातला, मोझार्टच्या रचनांच्या यादीत क्रमांक ३०४ चा.

मोझार्ट १७७८ साली नोकरीच्या शोधात पॅरिसला गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. बरोबर आई होती. नोकरी काही मिळाली नाही, आणि ३ जुलैस आई त्या परक्या शहरात आजारपणात गेली. हा सोनाटा त्याच उन्हाळ्यातला. आईच्या मृत्यूनंतरच तो लिहिला असे मी म्हणत नाही. संगीतावर अशी गोष्ट चिकटविण्याचा मोह फार होतो, आणि तो आवरलेला बरा. पण इतके खरे की ई मायनर हा मुख्य सूर धरून मोझार्टने दुसरी एकही वाद्यरचना केली नाही.

आरंभी दोन्ही वाद्ये एकच ओळ वाजवितात. खाली आधार नाही, भरणा नाही. एकच ओळ, हलक्या आवाजात. जणू दोघीजणी एकाच वेळी एकच वाक्य पुटपुटत आहेत. आता विरणारा सूर आणि टिकणारा सूर एकत्र चालवावयाचे म्हणजे किती कठीण! पण या ध्वनिमुद्रणात ते दोन आवाज वेगळे निघत नाहीत. पुढे बरेच काही घडून तीच ओळ परत येते, तेव्हा तिच्याखाली पियानोचे असे आघात येतात की तीच ओळ ओळखू येऊ नये. क्लाराबाई तेथे हात उचलून आपटीत नाहीत. जेवढे लागते तेवढेच. आणि तरी ऐकणारीच्या छातीत धस्स होते.

दुसरा भाग मिन्युएटच्या चालीचा. मिन्युएट म्हणजे दरबारी नाच. पण या ठेक्यावर कोणी नाचेल असे वाटत नाही. आधी पियानो एकटाच बोलतो, मग व्हायोलिन तेच घेते. मध्येच सूर बदलतो आणि ई मेजरमधला एक लहानसा तुकडा येतो. तोही आधी पियानोवर, अगदी हळू. आपल्या भाषेत सांगावयाचे तर कोमल गंधार जाऊन शुद्ध गंधार लागतो. एवढेच घडते, पण आजारी माणसाच्या खोलीतली खिडकी कोणी उघडावी तसे वाटते. फार वेळ नाही. पुन्हा ती पहिली चाल परत येते. बेर्कच्या साच्यात पडल्या पडल्या आईच्या मरणाची बातमी ऐकलेल्या बाईंनी हा तुकडा कसा वाजवावा, याविषयी मी अधिक लिहीत नाही. ऐकून पाहावे.

सहांतला दुसरा एक सोनाटा मात्र हसराबोलका आहे, आणि त्याची कथा आपल्यासारख्यांनी मुद्दाम ऐकावी अशी. १७८४ साली व्हिएन्नात रेजिना स्त्रिनासाक्की नावाची एक तरुण इटालियन व्हायोलिनवादिका आली. त्या काळी बाईने व्हायोलिन घेऊन मंचावर उभे राहणे ही नवलाचीच गोष्ट. मोझार्टने तिच्यासाठी हा सोनाटा (क्रमांक ४५४) लिहावयास घेतला. पण नेहमीप्रमाणे वेळ पुरला नाही. तिचा भाग कसाबसा लिहून दिला आणि आपला भाग डोक्यातच ठेवला. २९ एप्रिलला बादशहासमोर कार्यक्रम झाला तेव्हा मोझार्टपुढचा कागद जवळजवळ कोरा होता, असे सांगतात. मूळ हस्तलिखितात दोन निरनिराळ्या शाया दिसतात. पियानोचे सूर उरलेल्या जागेत मागाहून दाटीने भरलेले आहेत. पाहुणीचे ताट आधी वाढून स्वतः उभ्या उभ्या खाणारी गृहिणी मला त्यात दिसली! या सोनाटात ग्रुमियो आणि क्लाराबाई असे खेळतात की वाकलेली पाठ, सीमारेषा, शस्त्रक्रिया यांतले काही आठवत नाही.

एवढे होऊनही क्लाराबाईंना आपले वादन चांगले झाले असे क्वचितच वाटे. टाळ्या चालू असत आणि या मनात चुका मोजीत असत. कीर्ती आली, पैसा आला, पण ते भय गेले नाही.

नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांनी पॅरिसला इगोर मार्केविच यांच्याबरोबर मोझार्टचे दोन कॉन्चेर्टो मुद्रित केले. त्यांतला एक तोच डी मायनर, जो शस्त्रक्रियेनंतर कौंटेसबाईंच्या वाड्यावर वाजविला होता. मग डिसेंबरात ग्रुमियोंबरोबर ब्रुसेल्सला कार्यक्रम ठरला होता. ६ डिसेंबरला त्या थोरल्या बहिणीसह आगगाडीने ब्रुसेल्सला उतरल्या, आणि स्टेशनच्या जिन्यावरून त्यांचा तोल गेला. डोक्यास जबर मार लागला. शुद्धीवर होत्या तोवर, उद्या वाजविणे होणार नाही, ग्रुमियोंची माझ्या वतीने क्षमा मागा, असे त्यांनी बहिणींना सांगितले म्हणतात. आणि निदान हातांना काही झाले नाही, असेही हसून म्हणाल्या. ७ डिसेंबरला त्या गेल्या. पासष्टावे वर्ष संपत आले होते. पॅरिसच्या माँपार्नास स्मशानभूमीत त्यांना ठेवले.

ग्रुमियो त्यानंतर सव्वीस वर्षे जगले. १९८६ साली ते वारले. उतारवयात त्यांनी मोझार्टचे सोनाटे व्हाल्टर क्लीन या वादकाबरोबर पुन्हा मुद्रित केले. तेही चांगले आहेत असे जाणकार म्हणतात. १९६३ पासून क्लाराबाईंच्या नावाने तरुण पियानोवादकांची स्पर्धा भरू लागली. ज्यांना मंचाचे एवढे भय, त्यांच्या नावाने स्पर्धा! त्यांना हे रुचले असते की नाही कोण जाणे.

तबकडी अजून आमच्याकडेच आहे. दोन ठिकाणी चरा पडला आहे, पण तो तिसऱ्या सोनाटात. ज्यांना ऐकावयाची असेल त्यांनी गुरुवारी भजन आटोपल्यावर यावे, चारच्या पुढे. येताना आधी निरोप पाठवावा, म्हणजे नातवाला घरी थांबवून ठेवीन. ग्रामोफोनची सुई ठेवताना माझा हात कापतो.